कॉफीच्या भांड्याचं बेसणं

आमच्या बडोद्याच्या गोत्री भागातल्या सोसायटीत एका कॉफीच्या भांड्याचं बेसणं झालं होतं आणि त्याला मी स्वतः पांढरी साडी नेसून गेले होते, हे मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगते तेव्हा ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला मुळीच आवडत नाही. त्यांना तर बेसणं म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. गुजराती घरात कुणी गेलं की एक दिवस आणि वेळ ठरते, लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, गेलेल्याच्या फोटोसमोर हात जोडतात, जवळच्या माणसाशी दोन शब्द बोलतात आणि उठतात. पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहून आम्ही मराठी लोकांनीही ते उचललं, कारण सोयीचं आहे. पण गोष्ट भांड्यापर्यंत गेली ती पिलाजीराव शिर्क्यांमुळे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगते.

पिलाजीराव माझ्या शेजारच्या घरात राहायचे. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आणि त्या भिंतीवर त्यांची कोपरं कायमची टेकलेली. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते. आजोबा गायकवाडी घोडदळात होते असं सांगायचे. नातवाच्या वाट्याला मिशा तेवढ्या आल्या होत्या. माणूस सज्जन, पण एक खोड होती. काही मजेशीर कळलं की ते त्यांच्या पोटात राहत नसे. नोकरीत असताना ऐकायला कारकून होते, हमाल होते, पार्सलची वाट बघत ताटकळणारी गिऱ्हाइकं होती. निवृत्तीनंतर उरल्या फक्त इंदिराबाई.

इंदिराबाई त्यांच्या पत्नी, आणि अख्खी हयात प्राथमिक शाळेत शिक्षिका. "बाई, ह्यानं माझं रबर घेतलं" पासून सुरू होणारी सगळी गाऱ्हाणी त्यांनी ऐकली होती. शाळेचा निरोप समारंभ झाला त्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "पद्माताई, मी निवृत्त झाले आणि माझे कानही." ते त्यांनी शब्दशः पाळलं. पिलाजीरावांनी "अहो, आज एक गंमत कळली" म्हणून तोंड उघडलं की यांना कुकर आठवायचा. कुकर नसेल तर वाळत घातलेले कपडे. नाहीच काही तर "उद्या सांगा." आणि उद्या पुन्हा कुकर होताच.

ते पिलाजीरावांना फार लागायचं. एकदा भिंतीवरून मला म्हणाले, "पद्माताई, हिनं एक गोष्ट अथपासून इतिपर्यंत ऐकली ना, तर माझं घोडं गंगेत न्हालं." मला त्यांची दया आली आणि इंदिराबाईंचा रागही आला, पण खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही पोळ्या करायच्या होत्या.

नव्व्याण्णव साली गोत्री रोडवर एक सायबर कॅफे निघाला. निघाला म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात पडदा लावून मागे तीन कॉम्प्युटर ठेवले. पिलाजीराव पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला गेले आणि पडद्यामागे काय आहे म्हणून डोकावले. त्यानंतर ते रोज दुपारी तिथे. जगातल्या इतक्या गमती एका जागी बसून कळतात म्हटल्यावर त्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. पोटात आता ट्रकभर माल आणि उतरवून घ्यायला कुणी नाही.

तेव्हा त्यांना फळा सापडला. सोसायटीच्या फाटकापाशी एक काळा फळा आहे. त्यावर गुजरातीत तीनच गोष्टी लिहायच्या: पाणी किती वाजता येणार, कुणी गेलं असेल तर ती खबर, आणि रोजचा सुविचार. पाणी आणि खबर आमचे सेक्रेटरी रसिकभाई पंड्या स्वतः लिहायचे. सुविचाराचं काम कुणालाच नको असायचं. पिलाजीरावांनी ते हसत हसत अंगावर घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी सुविचाराच्या जागी लिहिलं की अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पोरांनी थंड पेयांचं मशीनच कॉम्प्युटरला जोडलं होतं, म्हणजे बाटल्या गार झाल्या की नाही ते जागेवरून न उठता कळावं. मला सुविचारांचा तिटकारा आहे, त्यामुळे मी खूश झाले. बाकीचेही झाले. संध्याकाळी फळ्यापाशी माणसं थांबायला लागली आणि पिलाजीराव शेजारी उभे राहून फळ्यावर न मावलेलं तोंडी सांगायला लागले.

भानगडीही झाल्या. एकदा त्यांनी लिहिलं की अमेरिकेत एकानं इंटरनेटवरच्या लिलावात मोडका लेझर पॉइंटर मांडला आणि तो विकलाही गेला. मोडका आहे हे कळलंय ना, असं विचारल्यावर घेणारा म्हणाला, मी मोडकेच जमवतो. हे आमच्या सोसायटीनं वाचलं आणि आठवडाभरात शिर्क्यांच्या ओट्यावर एक बंद मिक्सर, दोन मुकी घड्याळं आणि पाय तुटलेला हिंचका, म्हणजे झोपाळा, येऊन पडला. समोरच्या निरुपमाबेन देसाईंनी तर मिक्सरला चिठ्ठी लावली होती, "अमेरिका माटे," अमेरिकेसाठी. इंदिराबाईंनी कारण न विचारता ते सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

आणि मग आलं ते भांडं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटरवाल्यांचं कॉफीचं भांडं एका खोलीत असायचं. लांबच्या खोल्यांतले लोक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं निघायचं. तर त्या विद्वानांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला, म्हणजे कॉफी आहे की नाही ते टेबलावरूनच दिसावं. पुढे ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि सगळं जग बसून एक कॉफीचं भांडं बघायला लागलं. पिलाजीराव दुपारी साडेतीनला बघायचे, तेव्हा तिकडे सकाळच्या कॉफीची वेळ असायची. मग येऊन फळ्यावर लिहायचे, "आज कॉफी अर्धी." दुसऱ्या दिवशी, "आज तळाशी थोडी."

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण भरलेला कलश समोर दिसणं म्हणजे शुभशकुन हे आमच्याकडे मराठी काय, गुजराती काय, सगळेच मानतात. फळ्यावर ज्या दिवशी "आज भांडं काठोकाठ" असं आलं, त्याच संध्याकाळी निरुपमाबेनच्या मुलाला नोकरीचा फोन आला. झालं. लोक गाडी घ्यायला जाण्याआधी कॉफी विचारायला लागले. मुलगी बघायला निघालेली मंडळी फाटकापाशी रिक्षा थांबवून फळा वाचायची आणि "पाव" दिसलं तर परत फिरायची. मी बँकेत काम करते, व्याजाचे दर समजावून सांगते, आणि तरीही गॉलब्लॅडरच्या ऑपरेशनची तारीख ठरवताना मी पिलाजीरावांना भिंतीवरून हाक मारली होती. तेव्हा मी कुणाला हसणार?

रसिकभाईंना हे पटत नव्हतं. रसिकभाई सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात कायम सोसायटीच्या नियमांची पुस्तिका. ते रागवत नसत, कलम सांगत. एके दिवशी भांडं भरताना, मग रिकामं होताना, मग पुन्हा भरताना पिलाजीरावांनी पाहिलं, आणि तो सगळा वृत्तान्त लिहायला जागा पुरेना म्हणून त्यांनी पाण्याची वेळ पुसली. दुसऱ्या दिवशी पाणी भल्या पहाटे येऊन गेलं आणि अख्खी सोसायटी कोरडी राहिली. मी त्या दिवशी बिसलेरीनं तोंड धुऊन बँकेत गेले.

रविवारी कॉमन प्लॉटात, सोसायटीच्या मधल्या मोकळ्या जागेत, सर्वसाधारण सभा बसली. रसिकभाईंनी ठराव मांडला की फळ्यावर फक्त सोसायटीच्या सभासदांविषयीच खबर लिहावी, बाहेरची काही नको. पाण्यावाचून तापलेल्या लोकांनी पटापट हात वर केले. पिलाजीराव विरोध करायला उठले तेव्हा रसिकभाई अदबीनं म्हणाले, "शिर्केसाहेब, तमे मेंबर नथी." घर इंदिराबाईंच्या पगारावरच्या कर्जातून झालेलं, त्यांच्याच नावावर. पिलाजीरावांना मतच नव्हतं. ते खाली बसले, आणि तो चेहरा मला बघवेना. फळा गेला की हा माणूस पुन्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत बसणार हे मला दिसत होतं.

निरुपमाबेनच्या मुलाचा पुढच्याच महिन्यात व्हिसाचा इंटरव्ह्यू होता. भांड्याच्या काळजीनं त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "पण मग लोटो?" आता सगळेच चुळबुळले. कुणाचं लग्न ठरायचं होतं, कुणाचा प्लॉटचा सौदा. पिलाजीराव बसल्या जागेवरून पुटपुटले, "मग त्यालाच सभासद करून घ्या."

लोक हसले. रसिकभाई हसले नाहीत. नियमाच्या बाबतीत ते कधीच हसत नसत. त्यांनी पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचलं. नॉमिनल मेंबर म्हणून कुणालाही घेता येतं, त्याला मत नसतं, आणि तो माणूसच असावा असं कुठेही लिहिलेलं नाही, असं त्यांनी खिन्नपणे जाहीर केलं. भांडं इंग्लंडमध्ये राहतं हा मुद्दा कुणीतरी काढला. त्यावर दुसरा म्हणाला की चार नंबरवाले लेस्टरला आहेत, अकरा नंबरवाले न्यू जर्सीला, ते तर दिसतही नाहीत. भांडं निदान रोज दिसतं. हे सगळ्यांना पटलं. फक्त एका पक्क्या सभासदाची शिफारस हवी होती.

पिलाजीराव उठून जवळजवळ पळतच घरी गेले. मी मागोमाग, कारण हे मला चुकवायचं नव्हतं. इंदिराबाई मेथी निवडत होत्या. "अहो, ते इंग्लंडचं कॉफीचं भांडं आहे ना," पिलाजीरावांनी सुरुवात केली, "तर झालं असं की..."

"सही कुठे करू?" इंदिराबाई म्हणाल्या.

त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि मेथी पुढे ओढली. अशा रीतीने इंग्लंडचं कॉफीचं भांडं आमच्या सोसायटीचं नॉमिनल मेंबर झालं आणि पिलाजीरावांच्या हातात खडू राहिला.

पुढचे दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. सभासदाची खबर म्हणून भांड्याची हालहवाल रीतसर यायची, आणि भांड्याचं निमित्त करून ते हळूच बाकीचंही लिहायचे. "आपले सभासद ज्या देशात राहतात तिथे..." असं म्हटलं की इंग्लंडातली कुठलीही गंमत चालायची. रसिकभाईंना हरकत घेता येत नसे. घरी मात्र तेच. संध्याकाळी फळ्यापाशी पंधरा माणसांना हसवून हा माणूस घरात शिरायचा, तोंड उघडायचा, आणि मला भिंतीपलीकडून "उद्या सांगा" ऐकू यायचं.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी ते कॅफेतून आले ते सरळ माझ्या भिंतीपाशी. मिशासुद्धा उतरलेल्या वाटल्या. "पद्माताई, ते लोक इमारत बदलताहेत. कॅमेरा बंद करणार. भांडं संपलं." मी म्हटलं, वाईट झालं. ते म्हणाले, "फळा सभासदांचा. माझा सभासद एकच होता. आता मी कुणाला काय सांगू?" आत कुकरची शिट्टी झाली. मला त्या कुकरचा असा संताप आला की काय सांगू.

शेवटच्या दिवशी आम्ही काही जण कॅफेत गेलो. मी बँकेत अर्धी रजा टाकली, कारण लिहिलं, "आजारी परिचितास भेटणे." चित्र नेहमीप्रमाणे वरून खाली सावकाश उतरलं. भांडं नव्हतंच त्यात. काळसर काहीतरी, आणि कुणाची तरी बोटं बटणावर टेकलेली. आम्ही वाट बघितली, पण चित्र बदललं नाही. निरुपमाबेन रडायला लागल्या आणि पडद्यापलीकडे झेरॉक्स काढायला आलेला माणूस घाबरून आत डोकावला.

संध्याकाळी पिलाजीरावांनी फळा स्वच्छ पुसला आणि खडू रसिकभाईंच्या हातात दिला. रसिकभाईंनी तो घेतला आणि विचारलं, "बेसणुं क्यारे राख्युं छे?" बेसणं कधी ठेवलंय?

आम्हाला वाटलं टोमणा मारताहेत. पण ते गंभीर होते. सभासद गेला की फळ्यावर खबर, रविवारी कॉमन प्लॉटात बेसणं, सोसायटीतर्फे सुखडाचा, म्हणजे चंदनाचा, हार, असा जुना ठराव होता. "अहो रसिकभाई, ते भांडं आहे," मी म्हटलं. "मेंबर छे," ते म्हणाले. आणि बेसण्यात पुढे कोण बसणार, तर ज्यानं सभासदाची शिफारस केली तो. म्हणजे इंदिराबाई.

इंदिराबाई भडकल्या. "माझा कोण लागतो तो?" रसिकभाईंनी त्यांना त्यांची सही दाखवली. पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर आयुष्यभर जबाबदारीनं सह्या केलेली बाई. त्यांनी सही नीट बघितली आणि म्हणाल्या, "माझीच आहे. मग बसलं पाहिजे."

रविवारी पाच ते सात बेसणं. सतरंज्या अंथरल्या, पांढऱ्या चादरी घातल्या. पूर्वी कधीतरी कॅफेतून छापून आणलेलं भांड्याचं चित्र मोठं करून चौकटीत बसवलं होतं. मोठं केल्यामुळे ते इतकं धूसर झालं होतं की नक्की काय आहे ते कळत नव्हतं. चौदा नंबरवाल्यांचा एक पाहुणा डभोईहून आलेला, तो गर्दी बघून आत शिरला, हात जोडून बसला आणि हळूच रसिकभाईंना वय विचारलं. रसिकभाई म्हणाले, "दस वरस." पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एटलुं नानुं," इतकं लहान, असं तो म्हणाला आणि इंदिराबाईंच्या पायाशी बराच वेळ डोकं खाली घालून बसला. त्याला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

इंदिराबाई फोटोशेजारी पांढऱ्या साडीत, हात जोडून. पिलाजीराव मागे कोपऱ्यात, कारण नियमानं त्यांचं नातं लागत नव्हतं. एकेक जण येऊन बाईंपाशी बसत होता, आणि गेलेल्याबद्दल बोलायचं असतं म्हणून बोलत होता. निरुपमाबेननी व्हिसा सांगितला, मग मोडक्या लेझर पॉइंटरवाला माणूस, मग आपला मिक्सर. कुणी गार बाटल्यांचं मशीन सांगितलं. एकजण ऑफिसातून रोज कॅफेत फोन करून "केटली?" म्हणजे किती, असं विचारायचा ते सांगून गेला. प्रत्येकाच्या तोंडी "शिर्केसाहेबे कह्युं हतुं," शिर्केसाहेबांनी सांगितलं होतं. शेवटी रसिकभाई स्वतः आले, पुस्तिका खिशात खाली सारली, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले की मुलीच्या साखरपुड्याची तारीख त्यांनी काठोकाठ भांडं बघूनच धरली होती, पण हे सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

बेसण्यातून उठता येत नाही. कुकर आठवला तरी उठता येत नाही. इंदिराबाई ऐकत होत्या. आधी नुसत्या बसल्या होत्या, मग मान हलवायला लागल्या, आणि मिक्सरच्या ठिकाणी मी त्यांना पदर तोंडाशी धरताना पाहिलं. लोकांना वाटलं हुंदका आला.

सात वाजून गेले, लोक पांगले. मी सतरंज्या गोळा करायला थांबले. इंदिराबाई जागच्या उठल्या नव्हत्या. त्यांनी वळून कोपऱ्यात बघितलं. "अहो, इकडे या. ते मशीन कशाला जोडलं होतं म्हणे पोरांनी? सांगणारा अर्धंच सांगून उठला." पिलाजीराव येऊन समोर बसले. बाई म्हणाल्या, "इतकं सगळं साऱ्या सोसायटीला माहीत. मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

माझ्या हातातली सतरंजी तशीच राहिली. मला भिंतीपलीकडून ऐकलेला एकूण एक "उद्या सांगा" तिथल्या तिथे बाईंच्या अंगावर फेकावासा वाटला.

"राहून गेलं खरं," पिलाजीराव म्हणाले. आणि सांगायला लागले.

रसिकभाई खडू घेऊन आले. नॉमिनल मेंबरच्या वारसाला फळ्यावर लिहिता येईल असं कलम बहुधा त्यांना सापडलं होतं. मांडी घालून बसलेल्या पिलाजीरावांपुढे त्यांनी खडू धरला आणि उद्या काय लिहिणार ते विचारलं, "शिर्केसाहेब, काले शुं लखशो?"

पिलाजीरावांनी त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं आणि बाईंशी बोलत राहिले. रसिकभाईंनी थोडा वेळ वाट बघितली, खडू खिशात घातला आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं. त्या दोघांच्या खालची सोडून बाकी सगळ्या आम्ही गुंडाळून ठेवल्या.